वळचणीचा कप

आमचे गुरुजी भांडी चोरायचे. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही, कारण सगळ्या गावाला ते ठाऊक होतं आणि खुद्द गुरुजींनीही ते कधी नाकारलं नाही. चोरी दिवसाढवळ्या व्हायची, घरमालकाच्या डोळ्यांदेखत व्हायची, आणि चोरण्याआधी त्याच भांड्यात ते घरमालकाकडूनच चहा ओतून घ्यायचे. चहा संपला की कप रुमालानं पुसायचा, खांद्यावरच्या पिशवीत टाकायचा आणि म्हणायचं, "ज्यात म्या पिलो ते माझं." मग सायकल घेऊन चालू लागायचं.

सायकल घेऊन म्हणजे अगदी हातात घेऊन. त्यांना सायकलवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सेनगाव तालुक्यातल्या त्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. पहिल्या सकाळी मी हिंगोलीहून जीपमध्ये कोंबून आले, फाट्यावर उतरले, तर समोरून एक उंच, काटकुळा माणूस पांढऱ्या पायजम्यात सायकल हाताशी धरून चालत येत होता. मी आपलं माणुसकीनं विचारलं, "पंक्चर झाली का हो?"

"न्हाई. हवा बराबर हाय."

"मग बसत का नाही?"

"बसलो तर लवकर पोचतो. लवकर पोचलं की वाटंतली मानसं ऱ्हाऊन जातेत," ते म्हणाले. "तुमी नव्या बाई काय? म्या हेडमास्तर. चला, पिशवी ठिवा कॅरेजवर."

वाटेतली माणसं म्हणजे अर्धं गाव होतं. फाट्यापासून शाळेपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता त्यांना पाऊण तास पुरायचा. तरी शाळा कधी उशिरा भरली नाही, कारण घंटा वाजवायचा लोखंडी दांडका त्यांच्याच पिशवीत असायचा. ते पोचतील तीच दहाची वेळ.

त्यांच्या वर्गाची हजेरी ही आणखी एक भानगड होती. नाव पुकारलं की पोरानं "हजर" म्हणायचं नाही, काय खाऊन आला ते सांगायचं. "भाकर-ठेचा", "शिळा भात", "पिठलं", आणि कधी कधी खाली मान घालून, "कायबी न्हाई". एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले होते. त्यांनी हा प्रकार ऐकला आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हेडमास्तर, ही काय हजेरी झाली?"

"साहेब, पोरगं हजर हाय ते मला दिसूनच राहिलं. पोटात काय हाय ते दिसत न्हाई," गुरुजी म्हणाले. "तुमी काय खाऊन आलात?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पोहे," ते म्हणाले, आणि पोरं खो खो हसली. "कायबी न्हाई" म्हणणाऱ्या पोरांसाठी गुरुजींच्या टेबलाच्या खणात शेंगदाणे-गूळ असायचा. हे मात्र त्यांनी साहेबांना दाखवलं नाही.

तर भांड्यांबद्दल. त्या वर्षांत आमच्या भागात तो आजार येऊन बसला होता. पोरं ट्रकवर जायची, ऊसतोडीला जायची, पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जायची आणि वर्ष-दोन वर्षांनी बारीक होऊन परत यायची. मागोमाग त्यांच्या बायका. नाव कुणी घेत नसे, "तसला आजार" एवढंच म्हणत. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लाल रंगात एक कवटी काढली होती. बाकी ज्ञान तिथंच संपत होतं. औषध नव्हतं, निदान आमच्यासारख्यांपर्यंत पोचेल असं नव्हतं. लोक भ्यायले होते, आणि भ्यायलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं. घरातल्या आजाऱ्याची बाज ओट्यावर नाहीतर गोठ्यात आली, आणि त्याचा कप, त्याचं ताट, त्याचा गिलास छपराच्या वळचणीला अडकवला गेला. त्याला त्यातच वाढायचं, त्यानंच ते धुवायचं आणि पुन्हा तिथंच अडकवायचं.

गुरुजींच्या नजरेतून वळचण कधी सुटायची नाही. घराशी सायकल भिंतीला टेकवायची, ओट्यावर बसायचं, आणि "च्या पाजा की" म्हणत वळचणीचा कप आपल्याच हातानं काढून पुढं करायचा. घरच्या बाईचे डोळे पांढरे व्हायचे. "गुरुजी, त्यो नगं! त्यो... त्यो फुटका हाय." गुरुजी म्हणायचे, "चालतंय, म्या बी फुटकाच हाय." आता मास्तराला चहा नाही कसं म्हणायचं? आणि कप का नको ते तरी कसं सांगायचं? चहा ओतला जायचा. गुरुजी तो फुर्र फुर्र करत प्यायचे, बाजेवरच्या माणसाशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे आणि कप घेऊन जायचे. घरचे नवा कप आणायचे. पुढच्या आठवड्यात गुरुजी पुन्हा हजर. शेवटी कंटाळून लोक आजाऱ्याला घरातल्या भांड्यात द्यायचे. एका घरी तर कपावर तांबड्या रंगाची खूण केली होती, घरात चुकून मिसळू नये म्हणून. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "आता मला हुडकायची तकलीफ न्हाई."

मी शेवटी एकदा विचारलंच, "गुरुजी, तुम्हाला भीती नाही वाटत?" खरं म्हणजे मला वाटत होती.

शाळा सुटल्यावर आम्ही फाट्याकडे चालत होतो. सायकलचं मागचं चाक टिकटिक करत होतं.

"लहानपनी बापासंगं बाजाराला जायचो म्या," ते म्हणाले. "हॉटेलाच्या वळचणीला एक कप राहायचा, दांडी मोडलेला. आमच्या लोकायचा. बाप त्यो काढायचा, धुवायचा, पुढं करायचा. हॉटेलवाला वरून ओतायचा. पिऊन झालं की बाप पुन्यांदा धुऊन टांगायचा. उद्याच्याला कुनी आमचाच येनार म्हनून लई घासून धुवायचा." त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. "त्यो कप मला ओळखू येतो बाई. कुनाच्या बी वळचणीला असू द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाच सांगितलं. बुद्धविहारातल्या भाषणातही कधी सांगितलं नाही.

आता बापूंच्या ताटाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बापू म्हणजे गावातले मोठे शेतकरी. हळदीचं पीक, दारात ट्रॅक्टर, बोलणं तोऱ्यातलं. त्यांचा धाकटा मुलगा हौसेनं ट्रक चालवायला गेला आणि आजार घेऊन परत आला. गोठ्याशेजारी त्याची बाज पडली. वळचणीला स्टीलचं ताट आलं. ताट भारी होतं, त्याच्या लग्नातलं, नाव टाकलेलं. गुरुजी गेले. कप नव्हता, तर त्यांनी ताटातच चहा मागितला. बापू घरी नव्हते, त्यांच्या म्हातारीनं ओतला. दोन्ही हातांनी ताट धरून चहा पिणारा माणूस मी जन्मात तेवढा एकच पाहिला. मी दारात सायकल धरून उभी होते. बाजेवरचा पोरगा हसत होता. तो हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

बापूंनी पोलीस पाटलाकडे तक्रार केली. मास्तर चोर आहे, भर गावात भांडी उचलतो. चावडीवर माणसं जमली. गुरुजी पिशवी घेऊन आले आणि तिच्यातली सगळी भांडी त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडली. कप, बश्या, गिलास, एक पितळी वाटी आणि ते ताट.

"ज्याचं आसंल त्यानं उचलावं," गुरुजी म्हणाले. "म्या चोरलंय, कबूल हाय."

आणि अळीमिळी गुपचिळी. जो उठून "हे माझं" म्हणेल त्याला पुढं सांगावं लागणार होतं की ते वळचणीला कशासाठी होतं. माणसं आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसली. पोलीस पाटील खाकरले. "बापू, तक्रार तुमची हाय. ह्यातलं तुमचं कोन्तं?"

ताट अगदी समोर होतं. वर मुलाचं नाव लख्ख दिसत होतं. बापूंनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "ह्यातलं आमचं कायबी न्हाई." मग काठी उचलून ते निघून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोलीस पाटलांनीही घाईनं बैठक आटोपली, कारण त्यांच्या मेव्हण्याचा गिलास त्या रांगेत दुसराच होता.

मला त्या दिवशी गुरुजींचा राग आला होता. एका बापाला चारचौघांत असं उभं करायला नको होतं. पण त्या संध्याकाळी बापूंच्या म्हातारीनं नवं ताट आणलं नाही. तिनं मुलाला घरातल्या ताटात वाढलं, स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसवून. पुढचे काही महिने तो तसाच जेवला. मग गेला.

चोरलेल्या भांड्यांचं गुरुजी काय करायचे, असं तुम्ही विचाराल. ती शाळेच्या कपाटात असायची आणि शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यातच चहा मिळायचा. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की सरपंच, सदस्य, पोलीस पाटील सगळे खुर्च्यांवर बसायचे आणि आपापल्या वळचणीचे कप शेजाऱ्याच्या हातात बघायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणी चकार शब्द काढायचा नाही. पोहेवाले विस्तार अधिकारी तर त्या तांबड्या खुणेच्या कपाची डिझाइन छान आहे म्हणाले होते.

रेणुका आली ती शाळेत खिचडी शिजायला लागल्यावर. आईबाप दोघंही त्याच आजारानं गेलेले. बाप ऊसतोडीचा मुकादम होता. मामानं तिला तांड्यावर आणलं. मामाला लोक काही म्हणोत, पण पोरीला ठेवून घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही खरं आहे. आठ वर्षांची, काडीसारखी, कानामागे फोड आलेले. परभणीच्या दवाखान्यात तिचं रक्त तपासलं होतं आणि डॉक्टरांनी मामाला फार आशा धरू नका असं सांगितलं होतं. मामानं शाळेत येताना टॉवेलात गुंडाळून एक ताट आणलं.

"बाई, तिला खिचडी ह्याच्यातच वाढा," तो मला म्हणाला. "भुलून दुसऱ्या लेकराच्या ताटात गेली तर लोक मला तांड्यात राहू देनार न्हाईत. म्हनून नाव टाकून आनलंय. पोरगी किती दिवसाची हाय काय म्हाईत."

पोरगी तिथंच उभी होती. ती हे ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. "रेणुका."

"भाकर," ती म्हणाली. मग तिला वाटलं उत्तर पुरं झालं नाही, म्हणून तिनं जोडलं, "बाहेर."

गुरुजी पुढचं नाव घ्यायचं विसरले. मी शेजारच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते, मला ते भिंतीपलीकडून ऐकू आलं.

दुपारी पंगत बसली. पोरं घरून आणलेली आपापली ताटं घेऊन व्हरांड्यात, आणि रेणुका कुणी न सांगता पाण्याच्या टाकीशी एकटी. गुरुजी उठून तिच्याजवळ गेले, शेजारी मांडी घालून बसले, तिच्या ताटातली खिचडी चार घास खाल्ली, उरलेली तिला खायला लावली, आणि ताट धुऊन पिशवीत टाकलं. "ज्यात म्या खाल्लं ते माझं."

रेणुकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. "मंग उद्या म्या कशात खाऊ?"

मोठ्यांची भांडी नेली की घरच्यांना झक मारत आतलं भांडं द्यावं लागे. हिला आतलं भांडंच नव्हतं. तिच्याजवळ एक ताट होतं, तेही आमच्या शहाण्यानं काढून घेतलं. त्यांनी पिशवीतून ताट काढलं, रुमालानं पुसलं आणि दोन्ही हातांनी तिला परत दिलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. आठ वर्षांच्या पोरीला.

रविवारी ते मला हिंगोलीच्या बाजारात घेऊन गेले. काय घ्यायचंय ते सांगेनात. भांड्यांच्या दुकानात शिरून त्यांनी ताटं मागितली, शाळेतल्या सगळ्या पोरांना पुरतील एवढी, वर दोन-चार जास्त. पैसे त्यांचेच. दुकानदारानं कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत विचारलं, "नाव टाकायचं ना गुरुजी?"

"टाका. रेणुका."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा दुकानदार तोंडभर हसत होता आणि ताटांच्या थप्पीवर त्यानं आपल्या तर्फे एक कुंकवाचा करंडा ठेवला होता. मी वरचं ताट उचललं. त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, चि. सौ. कां. रेणुका. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. त्याचं काय चुकलं? पांढऱ्या केसांचा माणूस येतो, ढीगभर ताटं घेतो, सगळ्यांवर मुलीचं एकच नाव टाकायला सांगतो. आमच्याकडे याला एकच कारण असतं. "लेकीचं लगीन कधी काढलंय?" तो विचारत होता.

मी म्हटलं, "अहो, लग्न कसलं? पुसा ते!" स्टीलवरचं नाव पुसता येत नाही हे मलाही माहीत होतं. गुरुजी मात्र एकेका ताटावर बोट फिरवत होते.

"राहू द्या बाई. बराबर हाय."

"गुरुजी, आठ वर्षांची आहे ती. आणि..."

"मंग लगनाला टाइम हाय," ते म्हणाले. "ताटं लवकर आली म्हनायचं." तो करंडाही त्यांनी पिशवीत टाकला.

सोमवारी खिचडीच्या वेळी सगळी ताटं मांडली गेली. पोरांनी नाव वाचलं आणि एकच गलका झाला. रेणुका लाजून लाल झाली. पण बातमी घरोघरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आया आल्या, कमरेला पदर खोचून. "गुरुजी, ह्यातलं तिचं कोन्तं ते सांगा!"

"सगळीच तिची," गुरुजी म्हणाले. "नाव वाचा. तुमची लेकरं तिच्या घरची पाव्हनी हायेत. पाव्हन्यानं ताट निवडू नये."

त्यावर पुष्कळ बोलणं झालं. मी ते लिहीत नाही, कारण बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी आता माझ्या मैत्रिणी आहेत. त्या दिवसापासून बहुतेक पोरं घरून भाकरी आणून बाहेर लिंबाखाली बसू लागली. व्हरांड्यात रेणुका, गुरुजी, मी, खिचडीवाल्या मावशी आणि ज्यांच्या घरी भाकरीच नव्हती अशी चार पोरं. पहिला घास मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. दुसरा नुसता. मावशी पातेल्याकडे बघून रोज म्हणायच्या, "एवढं अन्न कुनाला घालू?" आणि प्रकरण गटशिक्षण कार्यालयापर्यंत गेलं तर रेणुकाला शाळेतून काढायला सांगतील, ही धास्ती आम्हा सगळ्यांनाच होती. मामानं तर येऊन हात जोडले. "गुरुजी, पोरीला घरीच ठेवतो. तुमची शाळा काहून मोडता?"

गुरुजींनी मामाच्या हातात एक ताट दिलं. मामाला वाचता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी वाचून दाखवलं, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रेणुका."

"चिरंजीव म्हंजे?"

"खूप जगणारी."

मामानं ते डोक्यावरच्या टॉवेलानं पुसलं, थप्पीवर नीट ठेवलं आणि पोरीला न घेता परत गेला.

हजेरी रोज चालूच होती. एका सकाळी गुरुजींनी काल दुपारचं विचारलं. पहिलं पोरगं म्हणालं, "भाकर." गुरुजी म्हणाले, "कुठं?" पोरगं म्हणालं, "बाहेर." दुसरं, "भाकर, बाहेर." तिसरं, चौथं. पाचव्यापर्यंत आवाज खाली गेला होता. रेणुकाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "खिचडी." आणि मान वर करून, "आत."

तरी पोरं काही लगेच उठून आत आली नाहीत. पोरं आईबापांची असतात. आत आले ते बापू.

आम्ही पंगतीला बसलो होतो. रेणुकाच्या शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी होती. बापू काठी टेकत व्हरांड्याच्या पायऱ्या चढले, लिंबाखालच्या पोरांकडे, त्यांच्यात त्यांचा नातूही होता, एकदा बघितलं आणि त्या रिकाम्या जागी बसले.

"वाढा मावशी."

"बापू, तुमी?"

"काहून, मला भूक लागत न्हाई?"

मावशींनी वाढलं. बापू सावकाश जेवले. खिचडी संपत आली तसं खालचं नाव दिसायला लागलं. ते त्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. शेजारची पोरगी त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होती. "तुझं हाय काय हे ताट?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "लई ग्वाड जेवन झालं पोरी," बापू म्हणाले.

मग हात धुऊन ते गुरुजींजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "गुरुजी, आमचं ताट हाय का अजून?"

गुरुजींनी कपाट उघडलं. बापूंनी ताट घेतलं, मुलाच्या नावावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे माझ्या लेकाचं हाय. एड्सनं गेला त्यो." त्या गावात तो शब्द मी प्रथमच कुणाच्या तोंडून मोठ्यानं ऐकला. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. लिंबाखालून बापूंचा नातू उठून आला आणि आजोबांच्या जागेवर बसला. आठवड्याभरात लिंबाखाली कुत्र्यांशिवाय कुणी उरलं नाही.

ती ताटं पुढे गावभर झाली. आमच्याकडे कुणाच्या घरी कार्य निघालं की शाळेची ताटं मागून नेतात. बारशाला, साखरपुड्याला, बापूंच्या नातीच्या लग्नाला गाव रेणुकाच्या ताटात जेवलं. थट्टाही चालायची. "रेणुके, ताटं घासून घासून झिजली, लगीन कधी?" ती म्हणायची, "गुरुजीला इचारा, त्यायनं ठरिवलंय."

मधली दोन वर्षं तिनं आम्हाला फार घाबरवलं. सारखा ताप, सारखा खोकला. मग नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या आणि गुरुजी दर महिन्याला तिला एसटीनं घेऊन जाऊ लागले. त्या रांगेत माणसं ओळखीचं कुणी दिसलं की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. गुरुजी रांगेच्या टोकापासून हाक मारायचे, "अरे, तुमी सेनगावचे ना? या, च्या घेऊ!" रेणुका त्यांचा सदरा ओढायची. पण गोळ्या लागू पडल्या. तिच्या गालांवर मांस आलं, आवाज आला, आणि जीभ तर अशी सुटली की मी आणि मामा दोघंही तिला वचकून असायचो.

गुरुजी निवृत्त होऊन हिंगोलीला मुलाकडे राहायला आले. माझं घर जवळच, म्हणून मी जायची. काही वर्षांनी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, एखाददुसरा शब्द कष्टानं निघायचा. सून चांगली, सगळं करणारी. एकदा मी गेले तर चहा आला, मला कपबशीत आणि गुरुजींना प्लास्टिकच्या हिरव्या मगात. तो मग खिडकीत बाहेरच्या बाजूला ठेवलेला असायचा. सुनेनं माझी नजर पाहिली. "त्यांच्या तोंडातून गळतं हो बाई, लेकरं घरच्या कपांत दूध पितात, म्हणून वेगळा ठेवलाय," ती म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं. गुरुजी छताकडे बघत होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याच्या घरात बसून असं बोलणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं, आणि हा माणूस ते किती घरांत करत आला होता तेही.

रेणुका दहावी पास झाली तेव्हा पेढे घेऊन आली. मी तिला गुरुजींकडे घेऊन गेले. तिनं त्यांना पेढा भरवला, पाया पडली आणि त्यांच्या बाजेवरच बसून मामाच्या तक्रारी सांगू लागली. चहा आला. दोन कपबश्या, एक हिरवा मग.

रेणुका बोलता बोलता थांबली. तिनं मगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. हात लांब करून तिनं तो मग उचलला आणि तोंडाला लावला.

"अगं, तो त्यांचा आहे!" सून म्हणाली.

रेणुका फुर्र फुर्र करत पीत राहिली, अगदी तळापर्यंत. आपला कप तिनं गुरुजींच्या ओठांना लावला, ओघळ ओढणीनं टिपला, पुन्हा लावला, घोट घोट करत तो संपवला. नंतर उठून तिनं तो हिरवा मग नळाखाली धुतला, ओढणीनंच पुसला आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत टाकला.

"वयनी," ती हसत म्हणाली, "ज्यात म्या पिले ते माझं."

सुनेला काही समजेना. ती माझ्याकडे बघू लागली. मी गुरुजींकडे बघत होते. त्यांचा अर्धाच चेहरा हसत होता, पण तो पुरेसा होता. ओठ हलले, पुन्हा हलले.

"बराबर... हाय," गुरुजी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. सून आतून चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते, तिन्ही एकाच संचातले, निळ्या फुलांचे. त्यातला गुरुजींचा कोणता, ते मला ओळखू आलं नाही.